‘लोड’ झालेला क्लास आणि सिद्ध झालेला क्लास : जावा आभासी यंत्राच्या नेटिव्ह इंटरफेसची चिकित्सा

सारांश : जावा आभासी यंत्रात क्लास ‘लोड’ होणे आणि त्या क्लासचे प्रारंभीकरण होणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. जावा भाषेच्या अंतर्गत व्यवहारात त्यांचा क्रम काटेकोरपणे ठरवून दिलेला आहे. मात्र सी किंवा सी प्लस प्लस भाषेतील कोड जेथे या यंत्राला येऊन मिळतो, तेथे निरनिराळे इंटरफेस प्रारंभीकरणाचा क्षण निरनिराळा मानतात आणि एका महत्त्वाच्या ठिकाणी विनिर्देश मौन पाळतो. या मौनाचे परिणाम आणि महाविद्यालयीन अध्यापनाशी त्याचा असलेला संबंध यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : जावा आभासी यंत्र, क्लास प्रारंभीकरण, नेटिव्ह इंटरफेस, विनिर्देश, संगणकशास्त्राचे अध्यापन.

प्रस्तावना

मुळशी तालुक्याची नोंद महाराष्ट्राच्या इतिहासात झाली ती १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहामुळे. त्याच तालुक्यातील हिंजवडी व माण या गावांच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विकसित केलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क आज पुणे परिसरातील संगणकशास्त्र व अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी रोजगाराचे प्रमुख केंद्र आहे. या पदवीधरांच्या वाट्याला येणारे काम नेहमीच नव्या प्रोग्रामच्या निर्मितीचे नसते. पूर्वी कोणी तरी लिहिलेल्या प्रणालीची देखभाल करणे, ती एका आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर नेणे, एका यंत्रावर चालणारा कोड दुसऱ्या यंत्रावर चालता करणे, असे त्या कामाचे स्वरूप पुष्कळदा असते. अशा कामात भाषेच्या व्याकरणाचे ज्ञान अपुरे पडते आणि यंत्राच्या अंतर्गत क्रमाचे ज्ञान आवश्यक ठरते. क्लासच्या प्रारंभीकरणाचा प्रश्न हा या दृष्टीने एक नमुनेदार प्रश्न होय. वर्गात तो एका वाक्यात संपविला जातो. प्रत्यक्ष कामात मात्र तो दिवसचे दिवस छळतो.

क्लासच्या तीन अवस्था

जावा आभासी यंत्राच्या विनिर्देशानुसार क्लास वापरास योग्य होण्यापूर्वी तीन टप्प्यांतून जातो. पहिला टप्पा लोडिंगचा. यात क्लासचे द्विमान स्वरूप शोधून यंत्रात आणले जाते. दुसरा टप्पा लिंकिंगचा. यात क्लासची वैधता तपासली जाते, त्याच्या स्टॅटिक चलांना जागा देऊन त्यांत शून्य किंवा ‘नल’ यांसारखी मूळ किंमत भरली जाते आणि आवश्यकतेनुसार इतर क्लासशी असलेले संदर्भ जोडले जातात. तिसरा टप्पा प्रारंभीकरणाचा, म्हणजेच इनिशिअलायझेशनचा. या टप्प्यात प्रोग्रामरने लिहिलेले स्टॅटिक ब्लॉक प्रथमच चालविले जातात आणि स्टॅटिक चलांना त्यांच्या अपेक्षित किमती मिळतात.

गणेशोत्सवातील व्यवहार येथे दृष्टान्त म्हणून घेता येईल. मूर्ती घरी आणणे, ती मखरात बसविणे आणि तिची प्राणप्रतिष्ठा करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मूर्ती मखरात बसली म्हणजे पूजा सुरू झाली, असे कोणी म्हणत नाही. क्लासच्या बाबतीतही लोडिंग व लिंकिंग पूर्ण झाले तरी जोपर्यंत प्रारंभीकरण झालेले नाही तोपर्यंत तो सिद्ध झालेला नसतो.

प्रारंभीकरण केव्हा व्हावे, याची यादी भाषेच्या विनिर्देशात दिलेली आहे. क्लासची वस्तू निर्माण करणे, त्याची स्टॅटिक मेथड बोलाविणे, स्थिरांक नसलेले स्टॅटिक चल वापरणे, उपक्लासचे प्रारंभीकरण होणे, अशी ती मोजकी कारणे आहेत. या कारणांखेरीज अन्य प्रसंगी प्रारंभीकरण होणार नाही, असेही तेथे स्पष्ट केलेले आहे. लिंकिंग लवकर करावे की उशिरा, याचे स्वातंत्र्य यंत्रकर्त्याला आहे. प्रारंभीकरणाच्या बाबतीत मात्र ते स्वातंत्र्य नाही. याचे कारण उघड आहे : प्रारंभीकरणात प्रोग्रामरचा कोड चालतो, त्याचे परिणाम बाहेर दिसतात, आणि म्हणून त्याचा क्षण हा प्रोग्रामच्या अर्थाचाच भाग असतो.

वर्गातील एक वाक्य

‘स्टॅटिक ब्लॉक क्लास लोड होताना चालतो’ हे वाक्य अध्यापनात, वर्गटिपणांत आणि मुलाखतीच्या तयारीत सर्रास आढळते. प्राथमिक पातळीवर ते सोयीचे आहे, कारण लहान प्रोग्राममध्ये लोडिंग व प्रारंभीकरण इतक्या लागोपाठ घडतात की त्यांतील अंतर जाणवत नाही. तथापि ते अचूक नाही. क्लासलोडरच्या ‘लोडक्लास’ या मेथडने क्लास लोड होतो, पण त्याचा स्टॅटिक ब्लॉक चालत नाही. ‘क्लास डॉट फॉरनेम’ ही मेथड केवळ नाव देऊन वापरली असता प्रारंभीकरण घडवून आणते. तिच्याच दुसऱ्या रूपात प्रारंभीकरण नको असल्याचे सांगण्याची सोय आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, याची साक्ष जावाच्या इतिहासातच मिळते. क्लासच्या नावापुढे ‘डॉट क्लास’ लिहून त्याचा संदर्भ घेण्याची जी पद्धत आहे, तिच्यामुळे जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या क्लासचे प्रारंभीकरण होऊन जात असे. हा कंपायलरच्या अंमलबजावणीचा अपघाती परिणाम होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. त्या वेळी नियम बदलला नव्हता, सवय बदलली होती. ज्या प्रोग्रामांनी सवयीलाच नियम मानले होते, त्यांच्या वर्तनावर मात्र या बदलाचा परिणाम होणे अटळ होते.

जावा नेटिव्ह इंटरफेस : उद्देश आणि गुण

जावाच्या पहिल्या आवृत्तीत नेटिव्ह कोडशी जोडणी करण्याची एक पद्धत होती; नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी आपापल्या यंत्रांसाठी वेगळ्या पद्धती आखल्या होत्या. परिणामी एकच नेटिव्ह लायब्ररी प्रत्येक यंत्रासाठी निराळी बांधावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ मध्ये जावा १.१ बरोबर जावा नेटिव्ह इंटरफेस, अर्थात जेएनआय, प्रस्तुत केला. शेंग लियांग यांचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक हे या इंटरफेसचे मार्गदर्शन आणि विनिर्देश एकत्र देणारे प्रमाण पुस्तक मानले जाते. एकदा बांधलेली लायब्ररी कोणत्याही यंत्रावर चालावी, हे जेएनआयचे मूळ वचन होय. त्याचे मूल्यमापनही याच वचनाच्या कसोटीवर होणे न्याय्य आहे.

जेएनआयमध्ये नेटिव्ह कोडला जावाची मेथड बोलाविण्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम ‘फाइंडक्लास’ या फंक्शनने क्लासचा संदर्भ मिळवायचा, नंतर ‘गेटस्टॅटिकमेथडआयडी’सारख्या फंक्शनने मेथडचे ओळखचिन्ह मिळवायचे आणि शेवटी त्या चिन्हाच्या आधारे मेथड बोलवायची. यांपैकी दुसऱ्या पायरीविषयी विनिर्देश नि:संदिग्ध आहे. मेथड किंवा चल यांचे ओळखचिन्ह मागितले असता, क्लासचे प्रारंभीकरण झालेले नसेल तर ते घडवून आणले जाते, असे चारही संबंधित फंक्शनांच्या वर्णनात नमूद आहे. या योजनेत व्यवहारज्ञान आहे. ओळखचिन्ह एकदाच मिळवायचे आणि मेथड हजारो वेळा बोलवायची असल्याने, प्रारंभीकरणाची तपासणी चिन्ह देतानाच उरकणे वेगाच्या दृष्टीने लाभदायक ठरते.

‘फाइंडक्लास’विषयीचे मौन

पहिल्या पायरीविषयी मात्र विनिर्देश काहीच सांगत नाही. ‘फाइंडक्लास’ने केवळ लोडिंग होते की प्रारंभीकरणही होते, याचा उल्लेख त्याच्या वर्णनात नाही. या फंक्शनमुळे उद्भवू शकणाऱ्या अपवादांच्या यादीत क्लास न सापडणे, क्लासचे स्वरूप सदोष असणे, स्मृती अपुरी पडणे इत्यादी गोष्टी आहेत. प्रारंभीकरणात आलेल्या अपयशाचा त्यांत समावेश नाही. त्यावरून ‘फाइंडक्लास’ प्रारंभीकरण करीत नसावे, असा निष्कर्ष एखादा काळजीपूर्वक वाचणारा वाचक काढील.

प्रत्यक्षात सर्वाधिक प्रचलित असलेले हॉटस्पॉट हे यंत्र ‘फाइंडक्लास’च्या वेळीच क्लासचे प्रारंभीकरण करते. याउलट, अँड्रॉइडमधील पूर्वीचे डाल्विक यंत्र आणि २०१४ पासून त्याची जागा घेणारे एआरटी हे यंत्र ‘फाइंडक्लास’मध्ये प्रारंभीकरण करीत नाहीत, ओळखचिन्ह मागितल्यानंतरच ते घडते. म्हणजे फंक्शन एक, वर्णन एक, आणि आचरण दोन.

याचे परिणाम दोन्ही दिशांनी संभवतात. एखाद्या क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये नोंदणीचे काम असेल आणि ते उरकण्यासाठी नेटिव्ह कोडने केवळ ‘फाइंडक्लास’चा आधार घेतला असेल, तर तो कोड हॉटस्पॉटवर चालेल आणि अँड्रॉइडवर नोंदणीच होणार नाही. दुसऱ्या बाजूने, लायब्ररी सुरू होताना वीस-पंचवीस क्लासचे संदर्भ साठवून ठेवण्याची प्रथा आहे. तिच्यामुळे अँड्रॉइडवर केवळ क्लास लोड होतील. हॉटस्पॉटवर मात्र त्या सर्वांचे स्टॅटिक ब्लॉक त्याच क्षणी, लायब्ररीने ठरविलेल्या क्रमाने चालतील. त्यांपैकी एखाद्यात अपवाद उद्भवला तर ‘फाइंडक्लास’ रिकाम्या हाताने परत येते. प्रोग्रामर विनिर्देशातील यादीवर विसंबून असेल, तर तो ‘क्लास सापडला नाही’ असा अर्थ लावतो आणि मूळ अपवाद पुसून टाकतो. वस्तुत: क्लास सापडलेला असतो, तो सिद्ध होऊ शकलेला नसतो.

लायब्ररी आणि अर्धसिद्ध क्लास

नेटिव्ह लायब्ररी जोडण्याची रूढ पद्धत म्हणजे क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्येच ‘सिस्टिम डॉट लोडलायब्ररी’ लिहिणे. पाठ्यपुस्तके हीच पद्धत दाखवितात आणि ती गैर नाही. परंतु तिच्यामुळे लायब्ररीचे आरंभीचे ‘जेएनआय ऑनलोड’ हे फंक्शन त्या क्लासच्या प्रारंभीकरणाच्या पोटात चालते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. तिचे तीन परिणाम विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला परिणाम अर्धसिद्धतेचा. समजा ‘क’ या क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमधून लायब्ररी लोड झाली आणि ‘ऑनलोड’ने त्याच ‘क’च्या मेथडचे ओळखचिन्ह मागितले. प्रारंभीकरण त्याच थ्रेडमध्ये चालू असल्याने नियमानुसार यंत्र थांबत नाही. चिन्ह मिळते आणि मेथडही बोलाविता येते. त्या मेथडला मात्र लायब्ररीच्या ओळीनंतर लिहिलेल्या स्टॅटिक चलांत अद्याप शून्य किंवा ‘नल’ आढळतो. ओळखचिन्ह हाती असणे म्हणजे क्लास पूर्ण सिद्ध असल्याची खात्री नव्हे.

दुसरा परिणाम कोंडीचा, म्हणजे डेडलॉकचा. ‘ऑनलोड’ने एक नवा नेटिव्ह थ्रेड सुरू केला आणि त्याचे काम संपेपर्यंत ते थांबून राहिले, अशी कल्पना करावी. नवा थ्रेड यंत्राशी जोडला जातो आणि ‘क’च्या मेथडचे चिन्ह मागतो. ‘क’चे प्रारंभीकरण दुसऱ्या थ्रेडकडे असल्याने त्याला ते पूर्ण होण्याची वाट पाहावी लागते, आणि पहिला थ्रेड तर याच नव्या थ्रेडची वाट पाहत असतो. दोघांपैकी कोणीही पुढे सरकत नाही. ही कोंडी ओळखणे कठीण असते. क्लासच्या प्रारंभीकरणाचे कुलूप हे नेहमीच्या ‘सिंक्रोनाइझ्ड’ कुलपांपैकी नसल्याने डेडलॉक शोधणारी साधने तिचा निर्देश करीत नाहीत आणि थ्रेडच्या नोंदीत वाट पाहणारा थ्रेड पुष्कळदा ‘रनेबल’, म्हणजे चालू, असल्याचे दिसते. हॉटस्पॉटच्या अलीकडील आवृत्त्यांत असा थ्रेड क्लासच्या प्रारंभीकरणासाठी थांबल्याची स्पष्ट नोंद होते, ही स्वागतार्ह सुधारणा होय.

तिसरा परिणाम चुकीच्या निदानाचा. लायब्ररीची फाइल जागेवर नसेल तर पहिल्या खेपेस ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ येतो आणि क्लास कायमचा सदोष ठरतो. त्यानंतर त्या क्लासचा वापर करणाऱ्या प्रत्येकास ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ मिळतो. पहिली नोंद लॉगमध्ये कोठे तरी वर राहून जाते, दुसरी शेकडो वेळा उमटते, आणि नवशिका अभियंता क्लासची जार फाइल शोधू लागतो. फाइल तेथेच असते. ‘लोड’ आणि ‘प्रारंभीकरण’ हे शब्द समानार्थी मानण्याची सवय येथे प्रत्यक्ष श्रम व वेळ यांच्या रूपाने किंमत वसूल करते.

निरीक्षकाचा इंटरफेस

डीबगर व प्रोफाइलर यांसारख्या साधनांसाठी जावाच्या पाचव्या आवृत्तीत जेव्हीएम टूल इंटरफेस, म्हणजे जेव्हीएमटीआय, दाखल झाला. या इंटरफेसने क्लासच्या अवस्था अतिशय स्वच्छपणे वेगळ्या केल्या आहेत. क्लासची वैधता तपासली गेली आहे काय, तो तयार आहे काय, त्याचे प्रारंभीकरण झाले आहे काय, तो सदोष ठरला आहे काय, हे सर्व स्वतंत्रपणे विचारता येते. क्लास तयार झाल्याची जी सूचना निरीक्षकाला मिळते, तिच्या क्षणी त्या क्लासमधील एकही ओळ चाललेली नसते, असे विनिर्देश सांगतो.

तथापि हाच निरीक्षक जेएनआयची फंक्शनेही वापरू शकतो. ती सूचना हाताळताना त्याने सहज म्हणून एखाद्या स्टॅटिक चलाचे ओळखचिन्ह मागितले, तर त्याच क्षणी प्रारंभीकरण घडते. जे केवळ पाहायचे होते ते पाहणाऱ्यानेच घडवून आणलेले असते. साधन जोडले असता प्रोग्राम एका क्रमाने चालतो आणि साधन काढले असता दुसऱ्या. दोन्ही इंटरफेस स्वत:पुरते सुसंगत आहेत. दोष त्यांच्या सांध्यात आहे. एक इंटरफेस अवस्था वेगळ्या ठेवतो, दुसरा त्यांना ओळखचिन्हाच्या व्यवहारात विरघळवून टाकतो, आणि दोन्ही एकत्र वापरणाऱ्याला या विसंगतीची सूचना त्या त्या ठिकाणी मिळत नाही.

नवा इंटरफेस, नवा क्षण

मार्च २०२४ मध्ये जावा २२ बरोबर फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय कायम स्वरूपात उपलब्ध झाले. मार्च २०२५ मधील जावा २४ पासून जेएनआयच्या वापराबाबतही यंत्र पूर्वसूचना देऊ लागले आहे. त्यामुळे जुन्या जोडण्या नव्या पद्धतीकडे नेण्याचे काम वाढत जाईल, हे उघड आहे. नव्या पद्धतीत नेटिव्ह कोडने जावाची मेथड बोलवायची झाल्यास ‘मेथड हँडल’चा आधार घेतला जातो. स्टॅटिक मेथडचे हँडल मिळविल्याने क्लासचे प्रारंभीकरण होत नाही. ते हँडल प्रथम वापरले जाते तेव्हा होते.

म्हणजे जेएनआयमध्ये चिन्ह घेताना घडणारी गोष्ट येथे चिन्ह वापरताना घडते. बोलवायची मेथड अन्य क्लासमधील असेल, तर पूर्वी आरंभीच, मुख्य थ्रेडमध्ये पार पडणारे प्रारंभीकरण आता पुढे ढकलले जाऊन नेटिव्ह कोडच्या एखाद्या थ्रेडमध्ये घडू शकते. स्थलांतर करणाऱ्याने ओळीला ओळ बदलली तरी प्रोग्रामचा क्रम बदलतो. नव्या पद्धतीचे श्रेय असे की हा क्षण तिच्या दस्तऐवजात लिहिलेला आहे आणि ज्याला प्रारंभीकरण आधीच हवे आहे त्याच्यासाठी, २०२० मधील जावा १५ पासून, ‘एन्शुअर इनिशिअलाइज्ड’ ही स्पष्ट मेथड उपलब्ध आहे. जेएनआयमध्ये अशा नावाचे, केवळ याच कामासाठी असलेले फंक्शन नाही.

एक संभाव्य आक्षेप

विनिर्देशाचे मौन हा दोष नसून यंत्रकर्त्यांना दिलेले स्वातंत्र्य आहे, असा युक्तिवाद करता येईल. लहान उपकरणांवरील यंत्र आणि सर्व्हरवरील यंत्र यांच्या गरजा भिन्न असतात, हे खरे आहे. लिंकिंगच्या बाबतीत हा युक्तिवाद मान्य होण्यासारखा आहे, आणि भाषेच्या विनिर्देशाने ते स्वातंत्र्य उघडपणे दिलेलेही आहे. प्रारंभीकरणाच्या बाबतीत मात्र भाषेनेच ते नाकारले आहे. शिवाय प्रारंभीकरणाच्या कारणांच्या यादीत जेएनआयच्या फंक्शनांचा नावानिशी उल्लेख नाही. त्यामुळे एका दस्तऐवजात बंद केलेले दार दुसऱ्या दस्तऐवजातील मौनामुळे किलकिले राहते. स्वातंत्र्य द्यायचेच असेल तर ‘येथे यंत्रकर्ता स्वतंत्र आहे’ असे लिहिणे आवश्यक आहे. लिहून दिलेले स्वातंत्र्य वाचकाला सावध करते. न लिहिलेले स्वातंत्र्य त्याला फसविते.

अध्यापनाच्या दृष्टीने

हा प्रश्न केवळ विनिर्देश लिहिणाऱ्यांवर सोपवून भागणार नाही. हिंजवडीसारख्या केंद्रात जाणाऱ्या विद्यार्थ्याला विनिर्देशातील त्रुटी दूर करता येणार नाहीत; त्या कोठे आहेत हे ओळखण्याची दृष्टी मात्र त्याला महाविद्यालयातच मिळू शकते. त्यासाठी अभ्यासक्रमात नवा विषय आणण्याची आवश्यकता नाही. ‘स्टॅटिक ब्लॉक क्लास लोड होताना चालतो’ या वाक्याऐवजी ‘प्रारंभीकरणाच्या वेळी चालतो’ असे म्हणणे, आणि ‘लोडक्लास’ व ‘फॉरनेम’ यांच्या वर्तनातील फरक दहा ओळींच्या प्रोग्रामने प्रयोगशाळेत दाखविणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पदव्युत्तर पातळीवर एकच नेटिव्ह लायब्ररी हॉटस्पॉट व अँड्रॉइड अशा दोन्ही यंत्रांवर चालवून स्टॅटिक ब्लॉक केव्हा चालतो, याची नोंद करण्याचा प्रकल्प देता येईल. दोन नोंदींतील फरक पाहिल्यावर विनिर्देश मुळातून वाचण्याची गरज विद्यार्थ्याला निराळी पटवून द्यावी लागणार नाही.

निष्कर्ष

१. क्लास लोड होणे व त्याचे प्रारंभीकरण होणे यांतील भेद जावा भाषेच्या विनिर्देशात स्पष्ट आहे. नेटिव्ह इंटरफेसच्या सीमेवर तो पुसट होतो.

२. जेएनआय ओळखचिन्हाच्या मागणीशी, मेथड हँडल प्रत्यक्ष वापराशी प्रारंभीकरण जोडतो, तर जेव्हीएमटीआय अवस्थांची स्वतंत्र नोंद ठेवतो. हे भेद स्वत:पुरते समर्थनीय असले तरी एकत्रित वापरात ते प्रोग्रामचा क्रम बदलू शकतात.

३. ‘फाइंडक्लास’विषयीचे मौन हे जेएनआयच्या ‘एकदा बांधावे, सर्वत्र चालावे’ या मूळ वचनाशी विसंगत आहे. तेथे एका वाक्याची भर घालणे आणि अपवादांची यादी पूर्ण करणे उचित ठरेल.

४. तोपर्यंत नेटिव्ह कोड लिहिणाऱ्याने ‘फाइंडक्लास’ प्रारंभीकरण करील किंवा करणार नाही, यांपैकी कोणत्याही गृहीतकावर विसंबू नये. प्रारंभीकरण हवे असल्यास ते ओळखचिन्हाच्या मार्गाने स्पष्टपणे घडवून आणावे आणि ‘ऑनलोड’मध्ये दुसऱ्या थ्रेडची वाट पाहणे टाळावे.

५. अध्यापनातील सोयीचे पण अचूक नसलेले वाक्य बदलणे हा या प्रश्नावरील सर्वांत कमी खर्चाचा आणि प्राध्यापकांच्या पूर्णत: हाती असलेला उपाय आहे.